उलट्या हाताचे ठाकुरजी

नाथद्वारा
श्रावण शुद्ध पंचमी, संवत १९८१

चि. नवनीत,

ठाकुरजींच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, असं आधी लिहायची आपली रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकते.

माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. मधल्या वर्षांत मी लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. पत्ता भुलेश्वरच्या खोलीचाच घातला आहे. अजून तिथेच राहतोस, असं धरून चालते.

ठाकुरजींचे हिंडोळे सुरू झाले आहेत. गल्लीत सगळ्यांकडे ठाकुरजींच्या मागे लावायच्या पिछवायांची घाई आहे. आपल्याकडच्या पिछवाईवर कदंब आणि गाई मी करते. बासा म्हणतात, आमच्या लेकीच्या गाई हसतात. हे चांगलं की वाईट, ते सांगत नाहीत.

मुंबईचे एक भाटिया शेठ ठाकुरजींपुढे मनोरथाची सेवा करायला आले होते. त्यांचं चित्र परवाच संपवलं. तू गेलास तेव्हा फोटोतले चेहरे डकवायची पद्धत नुकती आली होती, आता सगळे तेच मागतात. मधे ठाकुरजी, दोन्ही बाजूंना हात जोडलेलं कुटुंब. अंगं, शेले, दागिने आपण रंगवायचे, गळ्याच्या वर फोटोतला चेहरा कापून लावायचा आणि कडेने रंग असा फिरवायचा की जोड दिसू नये. जोड झाकायचं काम माझ्याकडे आहे. विधवेच्या हाताला ते बरं जमतं, असं मगनकाका म्हणतात. मगनकाका अजून तसेच आहेत.

शेठजींची पहिली बायको फार वर्षांपूर्वी गेली. तिचा एक पिवळा पडलेला फोटो त्यांनी भीत भीत पुढे केला. दुसरीच म्हणाली, मोठ्या बेनना माझ्या शेजारी उभं करा. चित्र झाल्यावर ती जवळ येऊन त्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "या इतक्या लहान होत्या?" मी डिंकाची वाटी उचलून आत गेले.

त्यांचा फोटो निघाला तेव्हा मागे पांढरी चादर धरायला माणूस कमी पडला, म्हणून बासा एक टोक धरून उभे राहिले. फोटोच्या कडेला तेही आले आहेत. पगडी, कान, अर्धवट हसू. सगळे चेहरे कापून झाल्यावर तेवढा तुकडा उरला. फेकवेना. डबीत ठेवला आहे.

बासांचा उजवा हात जरा दुखतो. विशेष काही नाही. वय झालं. पगडी हल्ली मी बांधून देते, ती रोज वाकडी होते आणि मगनकाका रोज हसतात.

दिवाळीत अन्नकूटाला आलास तर बरं होईल. मी म्हणते म्हणून ये. बासांना मी विचारलेलं नाही.

तुझी जीजी
बरजी


नाथद्वारा
भाद्रपद शुद्ध अष्टमी

चि. नवनीत,

उत्तर आलं नाही. आता नीट लिहिते.

बासांचा हात दुखत नाही. दुखला असता तर निदान आहे असं वाटलं असतं. रथयात्रेनंतर एका सकाळी ते हिंगूळ घोटायला बसले आणि बसल्या जागी कलंडले. शिंपला उलटला, लाल रंग सगळ्या फरशीवर गेला. मी आतून धावत आले ती रक्तच समजून. वैद्यांनी चाळीस तऱ्हेची तेलं दिली. पाय थोडा उचलतो. बोलतात, पण शब्द शोधून. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. मी उचलून दुसरीकडे ठेवते, तर तिथे राहतो. पहिल्या पत्रात शेठजींचं चित्र संपवलं एवढंच लिहिलं, ते मी एकटीने संपवलं. ठाकुरजी बासांनी आधीच काढून ठेवले होते म्हणून निभावलं.

तुला वाटत असेल, बासांनी ती गोष्ट अजून मनात धरली आहे. मलाही तसंच वाटतं. या घरात तुझं नाव निघत नाही. तुझी बसायची चौरंगी मात्र कोणी हलवलेली नाही. ती बासांनी ठेवली की मी, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही.

तो कागद मगनकाकांनी आणला तेव्हा मी दाराआड होते, हे तुला कधी सांगितलं नाही. मोती महालासमोरच्या चित्रवाल्याकडे मुंबईहून लक्ष्मीच्या तसबिरी आल्या होत्या, आणि छापखान्याने त्या बिघडलेल्या कागदांत गुंडाळून पाठवल्या होत्या. त्यातला एक कागद मगनकाकांनी उलगडून बासांच्या पुढ्यात धरला. आपले ठाकुरजी. मुकुट, वनमाला, सगळं देखणं. फक्त गोवर्धन उचलायला वर केलेला हात उजवा आणि कमरेवरची मूठ डावी.

"उदयराम, तुझ्या पोरानं ठाकुरजींना विसावा दिला बघ," मगनकाका म्हणाले. "युगानुयुगं एकच हात वर धरायचा म्हणजे दुखणारच की. बदलून घेतला."

गल्ली हसली. मग काकांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तुझं नाव छापलं होतं, नाथद्वाऱ्याच्या उदयराम चिताऱ्याचा मुलगा म्हणून. "नाव मात्र सुलट आलंय हो," ते म्हणाले, तेव्हा बासाही हसले. मी त्यांना ओळखते, म्हणून त्या हसण्याची मला भीती वाटली.

छापखान्याच्या दगडावर सगळं उलटं काढायचं असतं, म्हणजे कागदावर ते सुलट उठतं, हे तूच मला पहिल्या वर्षी लिहिलं होतंस. अक्षरं काढणारा माणूस वेगळा असतो, हेही लिहिलं होतंस. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन, सगळे तू दगडावर उलटे काढलेस आणि सगळे नीट उठले. चुकले ते ठाकुरजीच. का चुकले, हे मला अजून कळलेलं नाही. गल्लीला तर कळून घ्यायचंच नव्हतं.

त्या अन्नकूटाला तू आलास. हातात मिठाईचा डबा, अंगात मुंबईचा कोट. बासा पेवडीचा पिवळा रंग घोटत होते. मान वर न करता ते म्हणाले, "डावा-उजवा कळत नाही असं या घरात कोणी जन्मलेलं नाही. तुम्ही घर चुकलात."

तुला "तुम्ही" म्हणाले. मी पाणी घेऊन बाहेर आले तर ओटा रिकामा होता आणि डबा उंबऱ्यावर. ती मिठाई आम्ही गाईला घातली. मी त्यातला एक तुकडा खाल्ला, हे बासांना ठाऊक नाही.

एकदा येऊन जा. भांडायचं असेल तर भांडायला ये. आता ते तुझ्याशी फार वेळ भांडू शकणार नाहीत.

बरजी


नाथद्वारा
शरद पौर्णिमा

चि. नवनीत,

आज ठाकुरजींना पांढरा पोशाख आहे. गल्लीतल्या बायका शयनाच्या दर्शनाला जातील. मी घरी राहणार, आणि दिवस मावळायच्या आत हे लिहून काढणार. सकाळी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बासा गेला महिनाभर डाव्या हाताला वळण लावत होते. आधी नुसत्या रेघा, मग कमळाची पानं. पानं पाहून ते स्वतःच म्हणाले, बकरीनं खाऊन टाकल्यासारखी दिसतात. काल संध्याकाळी मात्र म्हणाले, उद्या नवा कागद लाव. मी विचारलं, काय काढायचं? माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं की जेवायला तोंडाने जेवायचं का.

सकाळी बसले. मी मागे माझ्या गाई घेऊन बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती. हात आधी अडखळला, मग एकदम सुटला. नवनीत, तो हात लहानपणी तुझा धावायचा तसा धावत होता, न बघता. बासा तर खिडकीतून बाहेर बघत होते. ते ठाकुरजी काढताना कधीच कागदाकडे बघत नसत, आठवतं? आपल्याला धाक घालायला, की बघा, मला बघावं लागत नाही.

पाणी द्यायला मी उठले आणि कागद पाहिला. रेघ थरथरत होती, पण होती त्यांचीच. खांदे, वनमाला, पायांचं अंतर, सगळं जागच्या जागी. आणि वर केलेला हात उजवा होता.

 पाण्याचा लोटा ठेवून परत जागेवर येऊन बसले आणि गाईचं शिंग पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांचा हात थांबला. कुंचला खाली ठेवल्याचा आवाज आला. 

शेवटी त्यांनी हाक मारली. मी जवळ गेले. ते कागदाकडे बघत होते, आणि डावा हात अजून हवेतच धरलेला होता.

"बरजी," ते म्हणाले, "हा हात माझा आहे ना?"

मी म्हटलं, हो बासा.

"मग यानं असं का केलं?"

मी म्हटलं, उजव्या हाताला जे येतं तेच डावा करायला गेला, आणि तो पलीकडून आला, म्हणून उलटं झालं असेल.

त्यांनी हात खाली घेतला. मग शब्द शोधत, एकेक करून म्हणाले, "दुसरे देव बघून काढावे लागतात. तिथं माणूस डावा-उजवा जपतो. याला बघावं लागत नाही. हात आपोआप जातो." आणि थोड्या वेळाने, "असंच झालं असेल त्याचं, दगडावर."

कोणाचं, ते म्हणाले नाहीत.  इतक्या वर्षांत या घरात तुझा उल्लेख पहिल्यांदा झाला, आणि तोही नावाशिवाय.

दुपारी मगनकाका आले. मी कागद झाकायला गेले तर बासांनी खुणेने थांबवलं. काकांनी पाहिलं. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. मनातल्या मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. ते खाली बसले आणि बासांची पगडी सोडून त्यांनी पुन्हा नीट बांधून दिली.

बरजी


नाथद्वारा
कार्तिक शुद्ध चतुर्थी

चि. नवनीत,

अन्नकूट झाला. मी दोन दिवस ओट्यावरच काम घेऊन बसले होते, उजेड बरा असतो म्हणून. बासांनीही खाट ओट्याच्या दाराशी घ्यायला लावली, वारा बरा असतो म्हणून. संध्याकाळी खाट आत घेताना दोघांनीही एकदा गल्लीच्या टोकाकडे बघितलं.

काल त्यांनी तो कागद मागितला. मी म्हटलं, फाडायचा आहे का? हसले. अर्धा चेहराच हसतो आता, पण हसले. म्हणाले, उन्हाला धर. मी कागद दाराशी उन्हात धरला. "मागच्या बाजूने बघ." मी मागे गेले. उन्हात रेघ आरपार दिसत होती, आणि मागून ठाकुरजींचा डावाच हात वर होता, मूठ उजवी. आपल्या घरातले ठाकुरजी.

"हा कागद त्याच्या दगडासाठी आहे," बासा म्हणाले. "तिथं असाच उलटा लागतो ना? त्याला सांग, यात काही बदलू नको. जसा आहे तसा उतरव. सुलट उठेल."

मी म्हटलं, बासा, डोळे राहिलेत.

तुला ठाऊकच आहे, डोळे शेवटी, आणि ते घरातल्या कर्त्यानेच उघडायचे. मी इतकी वर्षं जोड झाकले, शेले रंगवले, पण ठाकुरजींच्या डोळ्यांना मी कधी हात लावला नाही. मला वाटलं, डाव्या हातात बळ यायची वाट बघत असतील. ते म्हणाले, "डोळे त्यानं करायचे."

मग पडून राहिले. मला वाटलं झोप लागली. डोळे मिटलेलेच होते, तेव्हा म्हणाले, "कसे करतो बघू."

तुला त्यातली मेख कळेल. मुंबईहून येणाऱ्या तसबिरींत ठाकुरजी समोर बघतात, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. म्हणे तशाच खपतात. आपले ठाकुरजी खाली बघतात, पायाशी जो उभा असेल त्याच्याकडे. बासांनी तुला काही सांगितलेलं नाही, हे लक्षात ठेव. मीही सांगत नाही.

कागद टपालाने पाठवायचा धीर झाला नाही. भाटिया शेठचे मुनीम उद्या मुंबईला निघत आहेत, त्यांच्याकडे बांबूच्या नळीत घालून देते. ते छापखान्यातच नेऊन देतील, तिथे तुझं नाव सगळ्यांना ठाऊक असेल. कागदाच्या मागे कोळशाने एवढंच लिहिलं आहे: "बासांनी काढले. दगडावर असेच उतरव. डोळे तुझे." बाकी सगळं तुला टपालाने येणाऱ्या या पत्रातून कळेलच.

बरजी


नाथद्वारा
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

नवनीत,

तार केली होती. मगनकाका स्वतः स्टेशनावर जाऊन करून आले. तू येशील म्हणून थोडं थांबवून ठेवलं होतं, पण किती थांबवणार?

दुपारच्या राजभोगाच्या दर्शनाची वर्दी झाली आणि बासा गेले. आदल्या दिवशी विचारत होते, छापायला किती दिवस लागतात? मी म्हटलं, दगड घासायचा, उतरवायचा, एकेक रंग वेगळा चढवायचा, वेळ लागतोच. म्हणाले, "रंगात घाई करू नये. त्याला सवय आहे घाईची."

अग्नी मगनकाकांच्या मोठ्या मुलाने दिला.

तू का आला नाहीस, हे मी विचारणार नाही. असं ठरवूनच लिहायला बसले होते.

बरजी


नाथद्वारा
फाल्गुन शुद्ध पंचमी

नवनीत,

तुझी नळी काल आली.

मगनकाका समोरच होते. त्यांनी मोहोर फोडली, कागद मी बाहेर काढला. बासांच्या बैठकीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले.

आधी हात पाहिला. डावा वर, मूठ उजवी.

मग रेघ पाहिली. तू एकही रेघ सरळ केली नाहीस. खांद्यापाशी त्यांचा हात थरथरला होता, तिथे दगडही थरथरला आहे. खाली नाव "उदयराम, नाथद्वारा" एवढंच. तुझं नाही. बरं केलंस की वाईट, ते मला सांगता येत नाही.

डोळे पाहायला मला वेळ लागला. मगनकाका म्हणाले, "बघ की पोरी, ते तुला खाणार आहेत का?" मग पाहिले. तू ते खाली ठेवले आहेस. इतके खाली तर बासाही ठेवत नसत.

नंतर कागद उलटला आणि मागचा मजकूर वाचला. तो वाचून मी कागद पुन्हा सुलट केला आणि पुन्हा उलटला.

"जीजी, खोली वर्षापूर्वी सोडली, नवा पत्ता खाली आहे. मुनीमजींनी नळी दिली, तिच्यात एक ओळ सोडून काही नव्हतं. ही रेघ बासांची आहे, पण डाव्या हाताची आहे. असं काय झालं, की मला कोणी कळवलं नाही? चित्र बासांना दाखव. येत्या अन्नकूटाला येऊ का, ते विचार. नको म्हणाले तर तसं कळव, मी रागावणार नाही."

श्रावणापासून मी तुला लिहिते आहे, नवनीत. ती पत्रं आणि ती तार कुठल्या परक्या माणसाच्या दारात पडली असतील, त्याने वाचली असतील की चुलीत घातली असतील, कोण जाणे. मी तुझ्यावर रुसून बसले होते. तू तिकडे दगडावर वाकून एकेक रेघ जपत होतास, आणि तेव्हा बासांची राखही उरली नव्हती.

म्हणून ते आता पुन्हा लिहायला हवं. बासा गेले. मार्गशीर्षात. आषाढात उजवी बाजू गेली होती. तुझ्या चुकीचं कारण त्यांना कळलं होतं, त्यांचाच हात तसा चुकला तेव्हा. त्यांनी ते तोंडाने सांगितलं, मी ऐकलं. जे पत्रांत लिहिलं होतं ते सगळं मी पुन्हा सांगेन, पण कागदावर नाही.

तू विचारायला सांगितलंस म्हणून मी विचारलं. मगनकाका गेल्यावर बैठकीसमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, बासा, नवनीत विचारतोय, अन्नकूटाला येऊ का? शेजारची गाय तेवढी हंबरली.

मग आणखी एक केलं, रागावू नकोस. तुझ्या चित्रात ठाकुरजी इतके खाली बघतात, आणि ते बघतात तिथे काहीच नव्हतं, नुसती कागदाची पांढरी कड. आज सकाळी डबीतला तो तुकडा काढला. शेठजींच्या चादरीचं टोक धरलेले बासा. चेहरा कापला, डाव्या कडेला डकवला, खाली अंग रंगवलं, अंगरखा, उपरणं, जोडलेले हात. दोन्ही हात सारख्या बळाचे काढले. वाळल्यावर मगनकाकांना दाखवलं. ते म्हणाले, पगडीची एक बाजू खाली आली आहे, माझ्याकडे दे, नीट करतो. मी म्हटलं, राहू द्या, मीच बांधली आहे. त्यावर हसतील असं वाटलं होतं.

उजव्या कडेची जागा कोरी ठेवली आहे.

अन्नकूटापर्यंत थांबू नकोस, आणि फोटो पाठवू नकोस. जोड झाकायचा मला आता कंटाळा आला आहे. ये आणि तुझ्या चौरंगीवर माझ्यासमोर बस. तुझा चेहरा मला आठवणीतून काढता येईल, हात आपोआप जाईल. पण मी बघून काढीन.

तुझी
जीजी